घरी शेळ्या आहेत का?

दिवाळी झाली की आमच्या ओपीडीत लांबलेल्या तापाचे पेशंट वाढतात. डेंग्यू-मलेरियाचा भर ओसरलेला असतो, सोयाबीन निघालेलं असतं, हातात चार पैसे आलेले असतात, आणि महिना-दीड महिना अंगावर काढलेला ताप घेऊन माणसं तालुक्याला येतात. सोबत कॅरीबॅग असते. तिच्यात गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन-तीन लॅबचे रिपोर्ट, रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटं. मी ते सगळं टेबलावर तारखेप्रमाणे मांडते. त्यात एक कागद हमखास असतो, तो विडालचा. आणि त्यावर टायफॉइड ‘निघालेला’ असतो.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. टायफॉइडच्या जंतूंविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं रक्तात किती आहेत, एवढंच ती सांगते. आमच्याकडचं पिण्याचं पाणी बघता धडधाकट माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात. लस घेतली असेल तर सापडतात, पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरी सापडतात. एकदाच घेतलेल्या रक्तावरून विडालनं निदान करू नये, हे आम्हाला कॉलेजात घोकून घ्यायला लावलेलं असतं. पण तासाभरात रिपोर्ट, दीड-दोनशे रुपयांत काम, आणि तापाला नाव मिळतं. नाव मिळालं की पेशंट निवांत होतो, नातेवाईक निवांत होतात. सलाईन लागते, सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं सुरू होतात, ताप थोडा दबतो, आठ-दहा दिवसांनी परत येतो. मग इंजेक्शन बदलतं. नाव बदलत नाही. मला खरा राग येतो तो या ठिकाणी. योग्य औषधाला योग्य मुदतीत दाद न देणारा टायफॉइड हा बहुतेकदा टायफॉइड नसतो, इतकं साधं आहे ते.

अशीच एक पिशवी घेऊन धाराशिव जिल्ह्यातल्या एका वाडीवरची बाई आली होती. चाळिशीच्या आतली. बरोबर नवरा आणि सासू. आमच्याकडे बाईला काय होतंय हे बहुधा मालकच सांगतात, तसं इथंही झालं. नवरात्रापासून ताप, दोन वेळा टायफॉइड निघाला, एकदा पेशी कमी झाल्या, आता कंबर धरलीय. कंबर सोयाबीन काढताना धरली, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखंही होतं. वाकून वाकून सोयाबीन कापणाऱ्या कोणत्या बाईची कंबर धरत नाही?

मी तिलाच विचारलं, “ताई, ताप कधी येतो?”

“दिस मावळायला कणकण येलालीय. रातच्याला घाम सुटतो, पातळ पिळून काढावं इतका. सकाळच्याला बरी असते. सगळे म्हणतात, काय झालंय हिला, चांगली तर हाय.”

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. सकाळी बरं दिसणाऱ्या माणसाचा ताप कुणाला खरा वाटत नाही, आणि बाईचा तर नाहीच. तिच्या एका चिठ्ठीवर ‘टेन्शन’ आणि झोपेची गोळी लिहिलेली होती. वजन सात-आठ किलोंनी उतरलं होतं, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

तपासलं तेव्हा पाणथरी, म्हणजे प्लीहा, दोन बोटं हाताला लागत होती. माकडहाडाच्या डाव्या बाजूला, जिथं कमरेचा कणा कटीच्या हाडाला जुळतो तिथं दाबलं की ती कळवळायची. काखेत, जांघेत, स्तनांखाली कुठं काळी खपली दिसते का ते पाहिलं. ती स्क्रब टायफस या तापाची खूण. बारीक किडा चावल्याच्या त्या खुणेवरून तो ओळखता येतो, आणि अंगावरचे कपडे नीट दूर करून बघितलं नाही तर हातचा निसटतो. खपली नव्हती. हिमोग्लोबिन नऊ, पांढऱ्या पेशी कमीकडे झुकलेल्या, लिव्हरची एन्झाइम्स थोडी चढलेली. मलेरिया नाही, एचआयव्ही नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. दोन महिने ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन आणि कणा दुखणं. एवढं ऐकलं की या देशातल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो. यायलाच पाहिजे. पण टीबीच्या आधी मी आणखी एक विचारते, आणि हे विचारायला ना मशीन लागतं ना पैसे.

“घरी जनावरं कोणती आहेत?”

नवरा म्हणाला, एक म्हैस आणि पाच-सहा शेळ्या. सासूबाई तोवर गप्प होत्या, त्या एकदम पुढं सरकल्या. “आवंदा लई वाईट झालं बघा. पोळ्याच्या मागंपुढं तीन शेळ्यांनी गाभ टाकला. पाऊस लई झाला नव्हं.”

“वार पडली होती का सगळ्यांची?”

“एकीची अडकली हुती. हिनंच काढली. हिचा हात बारीक हाय.”

त्या बाईनं आपला हात पदराखाली घेतला. मला तेव्हाच ब्रुसेलोसिसचा संशय आला.

ब्रुसेला हा जनावरांचा जंतू आहे. शेळ्या-मेंढ्यांमध्ये राहणारी त्याची जात माणसाला सगळ्यात जास्त छळते. गायी-म्हशींतली वेगळी, डुकरांतली वेगळी. गाभण जनावराच्या वारेत तो अफाट वाढतो, दिवस भरत आलेले असताना गाभ पडतो, वार अडकते. पडलेल्या गर्भात, वारेत, त्या पाण्यात जंतूंची संख्या अगणित असते, आणि माणसाला आजारी पाडायला दहा ते शंभर पुरतात. हाताला पडलेली चीर, डोळ्यात उडालेला थेंब, गोठा झाडताना नाकात गेलेली धूळ, न तापवलेलं दूध, यांतली कुठलीही वाट त्याला चालते. शरीरात गेला की आपल्याच संरक्षक पेशींच्या आत जाऊन बसतो. म्हणून ताप चढतो, उतरतो, काही दिवस नाहीसाच होतो आणि परत येतो. आमच्याकडची म्हातारी माणसं ‘हाडात मुरलेला ताप’ म्हणतात, त्यातले काही ताप हे असणार असं मला फार दिवसांपासून वाटतं.

हा आजार दुर्मीळ म्हणून पुस्तकात लिहिलेला असतो. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात तो दुर्मीळ असेल, यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडे निदान दुर्मीळ आहे. काळीभोर, काटक, जुळी करडं देणारी ही शेळी कोरडवाहू घराचा आधार आहे. पीक गेलं, मूल आजारी पडलं, लग्न निघालं की पहिली शेळी बाजारात जाते. देवणी आणि लाल कंधारी गायींचं नाव महाराष्ट्रभर झालं, पण भूमिहीन घरात त्या नसतात. तिथं शेळी असते आणि थंडीपावसात ती घरातच असते, करडं तर बाजेखाली निजतात.

निदान पक्कं करायचं तर ब्लड कल्चर हवं, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायला हवा. त्यासाठी आधी चालू असलेलं प्रतिजैविक बंद केलं. दोन महिने तापात असलेलं पेशंट औषधाविना ठेवायचं म्हटलं की नातेवाईक घाबरतात; नवऱ्याला बसवून समजावून सांगावं लागलं की जंतू पकडायचा आहे, आणि अर्धवट औषधानं तो रक्तात सापडत नाही. दोन हातांतून वेगवेगळं, दोन्ही बाटल्यांत पुरेसं रक्त घेतलं आणि शहरातल्या लॅबला पाठवलं. फॉर्मवर लाल शाईनं ठळक लिहिलं : ब्रुसेलाचा संशय. मग फोन करूनही सांगितलं.

हे लिहिणं दोन कारणांसाठी फार गरजेचं आहे. एक म्हणजे हा जंतू सावकाश वाढतो. आताच्या स्वयंचलित यंत्रांत तो बहुधा आठवड्याच्या आत दिसतो, पण नेहमीप्रमाणे पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ म्हणून बाटली काढून टाकली तर हुकू शकतो. दुसरं कारण लॅबमधल्या माणसांचं. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या जंतुसंसर्गांत ब्रुसेलाचा नंबर वरचा आहे. उघड्या टेबलावर प्लेट उघडून वास घेतला, हवेत तुषार उडाले, की पुढच्या महिन्यात तंत्रज्ञ तापानं आडवा. कॅबिनेटमध्ये, मास्क-हातमोजे घालून काम करायचं तर काय येतंय हे त्यांना आधी कळलं पाहिजे. आपण चिठ्ठीवर नुसतं ‘ताप’ लिहून पाठवतो तेव्हा त्या पलीकडच्या अनोळखी मुलीला धोक्यात घालतो. ही मुलगी बहुतेक वेळा बावीस-तेवीस वर्षांची, डीएमएलटी म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा झालेली असते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. बाटली पॉझिटिव्ह दाखवत होती. जंतू रंगवून बघायच्या ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी, अगदी बारीक, वाळूचे कण विखुरल्यासारखे जंतू. इतके बारीक की नवख्याला तो रंगाचा कचरा वाटावा. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, आणि युरिएजची नळी काही मिनिटांत गुलाबी झाली; या दोन्ही तपासण्या ब्रुसेलाकडेच बोट दाखवत होत्या. ओळख पटवणारी काही स्वयंचलित यंत्रं या जंतूला भलतंच निरुपद्रवी नाव देतात, म्हणून त्यांनी यंत्रावर विसंबायचं टाळून हातानं तपासण्या केल्या होत्या. रक्तातल्या प्रतिपिंडांचं टायटर, म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी ती सापडतात तो आकडा, १:६४० आलं. आमच्या भागात १:१६० च्या वर आणि सोबत अशी लक्षणं असली तर अर्थ लावायला जागा उरत नाही. ही तपासणीही फसवू शकते : प्रतिपिंडं अतोनात असली तर कमी पातळ केलेल्या रक्तात गुठळी दिसतच नाही आणि रिपोर्ट चक्क निगेटिव्ह येतो. म्हणून रक्त पुढपर्यंत पातळ करत न्यावं लागतं. चांगला मायक्रोबायोलॉजिस्ट फोनच्या पलीकडे असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तालुक्याच्या डॉक्टरला विचारा.

टीबीचं काय, असं कुणी विचारेल. तो प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. कण्याचा टीबी बहुधा पाठीच्या मधल्या-खालच्या भागात बसतो, मणके खातो, कुबड आणतो, बाजूला पू साठवतो. ब्रुसेलाला कमरेचे खालचे मणके आणि माकडहाडाचा सांधा आवडतो, आणि मणक्याचा आकार तो बराच काळ शाबूत ठेवतो. पण एमआरआयच्या फिल्मवर दोघे एकमेकांसारखे दिसू शकतात. बायोप्सी करायला शहर गाठावं लागतं, पैसे लागतात, म्हणून आमच्याकडे ‘बघू तर’ म्हणत टीबीच्या गोळ्या सुरू होतात. आणि खरी मेख पुढं आहे. त्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. ताप उतरतो, भूक लागते, सगळ्यांना वाटतं निदान बरोबर होतं. एकट्या रिफाम्पिसिननं तो मुळापासून जात नाही. कोर्स संपल्यावर उलटतो. मग ‘टीबी उलटला’ म्हणून पुन्हा तेच, किंवा औषधाला दाद न देणारा टीबी म्हणून आणखी कडक औषधं. कण्याच्या टीबीचा शिक्का घेऊन फिरणाऱ्या गुराख्यांपैकी, खाटकांपैकी, धनगरांपैकी काहींना टीबी कधी नव्हताच, असं मला मनापासून वाटतं. त्यांना कुणी एक साधा प्रश्न विचारला नाही.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा विचारला गेला तो माल्टा बेटावर. तिथं ब्रिटिश सैनिक महिनोन्महिने तापानं झिजायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या पाणथरीतून जंतू वेगळा केला. तरी तो येतो कुठून हे कळेना. माल्टात तेव्हा शेळ्यांचे कळप दारोदार फिरायचे, गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर धार काढून दिली जायची. थेमिस्टोक्लिस झामिट या तिथल्याच डॉक्टरनं १९०५ मध्ये ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि जंतूचा पत्ता लागला. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या घेऊन अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावरचे खलाशी त्यांचं दूध पिऊन आजारी पडले होते. १९०६ मध्ये फौजेला शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि बराकीतला ताप झपाट्यानं ओसरला. औषध तर तेव्हा नव्हतंच.

अ‍ॅलिस इव्हान्स यांची गोष्ट मला जास्त लागते. शेळ्यांतला आणि गायींतला जंतू एकमेकांचे सख्खे आहेत आणि कच्च्या दुधातून माणसाला धोका आहे, हे या अमेरिकन बाईंनी १९१८ मध्ये छापलं. एका बाईचं, तेही डॉक्टरेट नसलेल्या बाईचं म्हणणं मोठमोठ्या संशोधकांनी उडवून लावलं. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच हा संसर्ग झाला, पुढची वीसेक वर्षं तो अधूनमधून त्यांना गाठत राहिला, आणि सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना मनाचा, नसांचा आजार ठरवलं. ज्या जंतूवर त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा होता, त्याच जंतूच्या तापाला. आमच्या पेशंटच्या पिशवीतली ‘टेन्शन’ची चिठ्ठी बघितली तेव्हा मला इव्हान्सबाईच आठवल्या.

उपचार गुंतागुंतीचा नाही, लांबलचक आहे. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिवसातून दोनदा, किमान सहा आठवडे, आणि सोबत दोन-तीन आठवडे रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. किंवा इंजेक्शनाऐवजी सहा आठवडे रिफाम्पिसिन. इंजेक्शनवाल्या उपचारात ताप उलटण्याचं प्रमाण कमी, म्हणून मी ते निवडलं; प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी रोज टोचायचं कबूल केलं. कान, तोल आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. सांध्यात सूज असल्यानं गोळ्या तीन महिने. तिला सांगितलं : गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, भर उन्हात डोक्यावरून-हातावरून कापड घ्यायचं कारण कातडी पोळते. ताप आठवड्यात गेला. ताप गेला की गोळ्या सुटतात, हा आमचा रोजचा अनुभव, म्हणून तिच्या थोरल्या मुलीला, नववीतल्या पोरीला, जबाबदार धरलं. तिनं कॅलेंडरवर खुणा करून आईला एकही गोळी चुकू दिली नाही. पेशंट गरोदर असती तर सगळंच अवघड झालं असतं; डॉक्सिसायक्लिन देता येत नाही, आणि हा जंतू बाईचाही गर्भ पाडू शकतो.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. धाकट्या मुलाचा गुडघा सुजलेला होता, पडला असेल म्हणून कुणी बघितलं नव्हतं. त्याचंही टायटर चढलेलं. तो शेळीच्या सडाला तोंड लावून धारोष्ण दूध प्यायचा, शेळीचं दूध कच्चंच गुणकारी असतं म्हणून घरचे कौतुकानं पाजायचे. हे आता शहरातही पसरलंय. डेंग्यूच्या दिवसांत पेशी वाढाव्यात म्हणून लोक वाट्टेल त्या भावानं शेळीचं दूध शोधत फिरतात आणि कच्चं पितात. पेशी त्यानं वाढत नाहीत. डेंग्यूतून उठलेल्या माणसाला दुसरा ताप मात्र लागू शकतो. दूध उकळलं की ब्रुसेला मरतो. एक उकळी पुरे. खरवस वाफवलेला असतो, तो खा. नीट शिजलेलं मटण खा. भीती कच्च्याची आणि उघड्या हातांची आहे.

या घराला उकळी समजली, हातमोजे समजले. वार आणि पडलेला गर्भ उकिरड्यावर न टाकता खोल पुरायचा, वर चुना टाकायचा, कुत्र्याला ओढू द्यायचा नाही, हेही पटलं. अडलं ते शेळ्यांपाशी. नवऱ्यानं विचारलं, “मग त्या शेळ्यांना बाजार दाखवू का?”

मी नाही म्हटलं, आणि पुढं काय करा हे मला सांगता येईना. गाभ टाकलेली शेळी हाळी हंडरगुळीच्या नाहीतर माळेगावच्या बाजारात गेली की तिच्याबरोबर ताप दुसऱ्या घरात जातो, आणि तिथंही बारीक हाताची एखादी सून असते. ठेवली तर याच घरात राहतो. शेळीवर उपचार करत बसणं व्यवहारात जमत नाही. २०१९ मध्ये केंद्राची मोठी लसीकरण मोहीम सुरू झाली, तीत ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना आयुष्यात एकदा टोचतात. चांगलंच आहे. पण गरिबाची गाय म्हणवणारी शेळी त्या लसीत नाही. बाधित शेळीची रास्त किंमत सरकारनं मालकाच्या हातात ठेवावी आणि ती शेळी काढून घ्यावी, याला दुसरा रस्ता मला दिसत नाही. पाच शेळ्यांच्या धन्याला ‘नुकसान सोसा, समाजासाठी’ असं सांगायचा अधिकार मला नाही.

मी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन लावला. इतकी वर्षं एकाच गावात, त्यांचा दवाखाना माझ्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि आमचं पेशंटवरून कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांच्याकडे त्या वाडीतल्या गाभ टाकलेल्या शेळ्यांची नोंद होती. माझ्याकडे त्याच वाडीतल्या तापाची. दोन वह्या कधी शेजारी ठेवल्या गेल्या नाहीत. त्यांनी शेळ्यांचं रक्त घेतलं, नमुने पुढं पाठवले. दोन शेळ्या बाधित निघाल्या. तो रिपोर्ट घेऊन ते स्वतः आले. बोलता बोलता म्हणाले, “मॅडम, एक विचारायचं होतं. मला चार-पाच महिने झाले, संध्याकाळी अंग कसकसतं. गुडघे, कंबर. फिरतीची नोकरी, म्हणून दुर्लक्ष केलं.”

लसीच्या मोहिमेत कधी सुई लागली होती का, असं मी विचारलं. ही लस जिवंत जंतूंची असते, टोचणाऱ्याला बाधू शकते. लागली होती. वगारीनं झटका दिला आणि सुई अंगठ्यात गेली, त्यांनी धुऊन पुढची वगार धरली. शिवाय अडलेल्या जनावरांच्या वारा काढणं तर रोजचंच, बरेचदा खांद्यापर्यंतचे मोजे संपलेले असताना.

त्यांचं टायटर १:३२० आलं. हृदयाच्या झडपा तपासायला इको करून घेतला, कारण या आजारात माणूस दगावतो तो बहुधा झडपांवर जंतू बसल्यानं. इको चांगला निघाला. गोळ्या सुरू केल्या. त्यांच्या दवाखान्यातले पर्यवेक्षक आणि शिपाई यांचं रक्त पुढच्या मंगळवारी घ्यायचं ठरलंय, बाजाराचा दिवस सोडून. आणि आता त्यांच्याकडे गाभ टाकल्याची नोंद आली की ते त्या घरात ताप कुणाला आहे का विचारतात आणि मला गावाचं नाव मेसेज करतात. गेल्या आठवड्यात तीन गावांची नावं आली.